लष्कराच्या भाकऱ्या आणि घराचा हप्ता

पत्र बरंच मोठं होतं, नाव-ठिकाणाचे तपशील काढून थोडक्यात देतेय. लिहिणारा ३६ वर्षांचा, ऐरोलीत आयटी कंपनीत. घणसोलीला वन बीएचके, हप्ता महिन्याला ३८ हजार, पाच वर्षांची मुलगी, सोबत आई. बायको वकील, सनद घेऊन सात वर्षं झाली. तिच्याकडे कंत्राटी सफाई कामगारांच्या पगारातल्या फरकाच्या केसेस, तळोजा जेलमधल्या गरीब कैद्यांचे जामीन, आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून गेलेल्या एका कामगाराच्या बायकोची भरपाईची केस. कमाई सरासरी १८-२० हजार, काही महिने शून्य. आता महाप्याच्या एका कंपनीत लीगल ऑफिसरची नोकरी चालून आलीय, वर्षाला ११ लाख, आणि ती नाही म्हणतेय. मधे एका ठेकेदाराच्या माणसाने फोनवर 'घर माहितीये तुमचं' असं सांगितलं. त्यात तिने मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेल्या पैशातून न विचारता १४ हजार काढून केसच्या खर्चाला लावले, आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. आईचं म्हणणं, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय. त्याचे प्रश्न असे: 'नोकरी घे म्हणून आता ठाम सांगू का? नोकरी करून शनिवार-रविवार केसेस करता येणार नाहीत का? आणि निकालावर टक्केवारी घेता येत नाही असं ती म्हणते ते खरं आहे का?'

अरे, वयाने तू माझ्या धाकट्या मुलाएवढा म्हणून अहो-जाहो करत नाही, राग मानू नकोस. मी काही वकील नाही. ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होते, साहेबांच्या पुढ्यात खाली बसून डिक्टेशन घ्यायचं. तिथून वकिलांची भाषणं कमी आणि चपला जास्त दिसतात. कोणाच्या चपला दर वर्षी नव्या आणि कोण पाच वर्षं तेच सँडल शिवून घालतंय ते मला पाठ असायचं. तुझी बायको दुसऱ्या गटातली दिसतेय.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि 'फुकट' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं. नऊ वेळा. आणि 'आतापर्यंत मी तिला करू दिलं' हे वाक्य दोनदा. आता बघ, तू रोज ऐरोलीला जातोस ते तिने जाऊ दिलं म्हणून जातोस का? तसं कोणी लिहीत नाही. तू वाईट माणूस आहेस असं मी म्हणत नाहीये, वाईट माणूस एवढं लांबलचक पत्र लिहीत बसत नाही, सरळ भांडतो आणि झोपतो. पण तू मनात धरून बसलायस की घरात एकच काम खरं आहे, तुझं, आणि तिचं म्हणजे तू परवानगी दिलेला छंद. त्या धरून बसण्यावर बाकीचे सगळे प्रश्न उभे आहेत. ती 'नाही' म्हणाली ते तुला परवानगी मोडल्यासारखं लागलंय, म्हणून एवढा जळफळाट.

आईंच्या म्हणीबद्दल बोलते. लष्कराच्या भाकऱ्या म्हणजे ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही ते काम. हिचं तर हे पोटापाण्याचंच काम आहे रे. फक्त पीठ कोणाचं, सरपण कोणाचं आणि भाकऱ्या किती भाजल्या याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. ना तिने, ना तू. तू आकडे लिहिलेस ते सगळे अंदाजाने, 'सरासरी', 'साधारण'. तुझ्या कंपनीत असं चाललं असतं का?

आधी नोकरीचं, कारण तिथे तुझी समजूतच चुकीची आहे. पगारी पूर्णवेळ नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे तसा. नोकरी लागली की बार कौन्सिलला कळवायचं, सनद तेवढा काळ बाजूला, आणि कोर्टात उभं राहायचं नाही. म्हणजे 'शनिवार-रविवार केसेस' हा पर्यायच नाहीये, आणि तसाही रविवारी कोणता न्यायाधीश बसलाय. सनद नंतर परत सुरू करता येते हे खरं. पण तोवर तिच्याकडची सगळी मॅटर्स दुसऱ्या वकिलाकडे द्यावी लागणार, आणि बिनपैशाची मॅटर्स घ्यायला कोर्ट नाक्यावर रांग लागलेली नसते. तू तिला नुसती नोकरी घे म्हणत नाहीयेस, सात वर्षांत जोडलेली माणसं सोडून दे म्हणतोयस. कदाचित हे तुला ठाऊक नसावं म्हणून तुला ती हट्टी वाटतेय.

टक्केवारीचं ती सांगते ते शंभर टक्के खरं. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागायचा नाही, हेही नियमात आहे. बरेच जण आतून घेतात, मला काय माहीत नाही का. पण तुझी बायको घेत नाही तर तिला घ्यायला लावू नकोस. ज्या ठेकेदाराची माणसं फोन करतायत त्यांना तिच्याविरुद्ध तक्रार करायला आयतं कोलीत मिळेल.

आता निकालाचं. तू लिहितोस, 'सात वर्षांत मोठी अशी एकही केस जिंकली नाही.' इथे मला जरा बसवून सांगावं लागेल.

महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहितीये, २० मार्च १९२७. पण त्यानंतर काय झालं ते फार कमी लोकांना माहितीये. तळं खासगी आहे असं म्हणत सवर्णांनी त्याच वर्षी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या कोर्टात दावा लावला. तो निकाल १९३१ ला आंबेडकरांच्या बाजूने लागला. मग अपील आलं कुठे तर आपल्या ठाण्याला, इथल्या असिस्टंट जज्जसमोर, आणि १९३३ ला ते फेटाळलं गेलं. मग हायकोर्ट, तिथे मार्च १९३७ ला शेवट. अनादी काळापासूनची रूढी आहे असं वादींचं म्हणणं होतं, ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. पाणी प्यायला दहा वर्षांची केस! आणि बाबासाहेब या काळात घर कसं चालवत होते? १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवायला जायचे, पुढे सरकारी लॉ कॉलेजात शिकवलं. एवढा मोठा बॅरिस्टर, तरी घर नुसत्या अशिलांच्या फीवर टाकलं नव्हतं. हे शिकवायचं लक्षात ठेव, पुढे परत येईल. (मी नोकरीला लागले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, रिटायर होता होता कळलं, आणि त्या आवारात तीस वर्षं डबा खाल्ला म्हणून उगाच छाती फुगली.)

जवळचं उदाहरण हवं तर मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचं घे. त्यांना कायम करायचा शिक्का सुप्रीम कोर्टात बसला २०१७ ला, भांडण त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं, ट्रिब्युनल मग हायकोर्ट मग दिल्ली. आणि निकालानंतरही कित्येकांचं अडलं का, तर कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं. कोणी 'गायकवाड' एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं. स्टेनो म्हणून सांगते, अशा वेळी टाइप केलेल्या एका अक्षरावर माणसाची पेन्शन लटकते. तुझी बायको रात्री बारापर्यंत हजेरीपत्रकाच्या झेरॉक्स चाळत बसते म्हणतोस ना, ती हेच करत असणार.

आणि जिंकणं-हरणंही दिसतं तसं नसतं. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आजही देशभर वकील ते वाक्य वाचून दाखवतात. पण ज्या फुटपाथवाल्यांसाठी केस लढली त्यांना पावसाळ्यानंतर हटवायची मुभा पालिकेला मिळालीच. ही केस जिंकली म्हणायची का हरली? मला अजून सांगता येत नाही. उलट सेप्टिक टँकचं बघ, २०१४ च्या निकालाने अशा मृत्यूला १० लाख भरपाई ठरली, आणि ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती ३० लाख केली. मधली नऊ वर्षं कोणीतरी कुठल्या तरी कोर्टात फायली घेऊन उभं राहिलं असेल, आणि त्यांच्याही नवऱ्यांनी पत्रं लिहिली असतील. तिच्याकडे जी विधवा बाई आहे तिच्या पदरात काही पडणार असेल तर त्याच्या जोरावर पडणार आहे.

बरं, आता तुझी बाजू. कारण इथपर्यंत वाचून तुला वाटत असेल, मावशी तिच्याच पार्टीच्या.

१४ हजाराचं तिने चुकीचं केलं. साफ चुकीचं. मुलीच्या फीचे पैसे न सांगता उचलायचे नाहीत, कारण कितीही चांगलं असो. सर्टिफाइड कॉपी, नोटरी, त्या बाईचं रिक्षाभाडं, सगळं समजलं, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला आयत्या वेळी फी भरताना बॅलन्स बघून कळावं ही पद्धत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या हक्काचं बोलणाऱ्या माणसाने घरात एवढं तरी पाळावं. हा भाग तिला वाचून दाखव, माझी परवानगी आहे.

आणि एक जुनी गोष्ट सांगते. आमच्याकडे एक वकीलबाई यायच्या, कापडी पिशवी, फायली पिशवीच्या बाहेर डोकावणाऱ्या. कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. फी विचारली की 'बघू नंतर.' आठ-नऊ वर्षं असं चाललं, मग एका दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्याच नाहीत, घरचं काय बिनसलं देव जाणे. साठ-सत्तर मॅटर्स. पुकारा व्हायचा आणि पक्षकार एकटा उभा, हातात जुनी पावती. काही केसेस नुसत्या गैरहजेरीत निघाल्या. मी ते आदेश टाइप केलेत. त्या बाईंना मी दोष देत नाही, पण तेव्हापासून मला वाटतं की हिशोब न ठेवता केलेलं चांगलं काम शेवटी त्याच गरीब माणसाच्या डोक्यावर पडतं. तुझी बायको दमून एक दिवस सगळंच टाकेल ही भीती तुझ्या हप्त्याइतकीच मोठी आहे.

म्हणून, नोकरी घे की नको यावर भांडायच्या आधी दोघं एक रविवार बसा. मुलगी आजीकडे, चहाचा थर्मास, आणि तुला येतं ते एक्सेल. गेल्या वर्षभरातली प्रत्येक मॅटर एका ओळीत लिही, फी ठरली किती, आली किती, खिशातून गेले किती, तारखा किती झाल्या. तू आयटीवाला, तुला हे दोन तासांचं काम. ती लाजेल, चिडेल, 'माझ्या अशिलांचं तू ऑडिट करणार का' म्हणेल. अशिलांची नावं लिहू नको म्हणावं, नंबर टाक, ती तिची जबाबदारी आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण आकडे लिहा. माझा अंदाज, पैसे न देणाऱ्यांपेक्षा 'देऊ शकत होते पण मागितलेच नाहीत' असे जास्त निघतील. आपल्याकडे समाजाचं काम करणाऱ्या बायकांना फी मागायची फार लाज वाटते. युनियन वर्गणी गोळा करते ना, मग तिने महिन्याला ठरलेली रक्कम रिटेनर म्हणून द्यायला काय हरकत आहे.

मग ठरवा की एका वेळी बिनपैशाच्या मॅटर्स इतक्याच. सहा असोत, आठ असोत, आकडा तिने ठरवायचा, तू नाही. त्यावर एखादी आली तर त्या पक्षकाराला विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायचं, प्रत्येक जिल्ह्याला असतं. बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कामगार, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच दिलाय. फोन नंबर १५१००. तिने स्वतः प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनलवर, नाव घातलं तर असल्या कामाचे थोडे का होईना सरकारी पैसे मिळतात, थोडे आणि उशिरा, खोटं कशाला सांगू. पण शून्यापेक्षा बरे. फक्त पॅनलवरून आलेल्या पक्षकाराकडून वेगळा पैसा घ्यायचा नाही.

बाकीची कमाई कुठून? शिकवणं आठवतंय ना. वकिलांना लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा आहे, सनद न सोडता. आणि गंमत बघ, तुझ्या ऐरोली-महाप्याच्या पट्ट्यात जेवढ्या कंपन्या आहेत, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या, त्या प्रत्येकीत २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती लागते आणि त्यात बाहेरचा एक जाणकार सदस्य लागतो. नियमातला भत्ता चहापाण्याचा आहे, पण बऱ्याच कंपन्या त्याहून नीट मानधन देतात, ट्रेनिंगचे वेगळे. तिच्या अनुभवाची बाई त्यांना शोधूनही सापडत नाही. ज्या कंपनीने नोकरी देऊ केली तिलाच विचारा ना, पूर्णवेळ नको, पण सल्ल्याचं काम फीवर द्याल का म्हणून. फार तर नाही म्हणतील. शिवाय सोसायट्यांची भांडणं, ग्राहक आयोग, भाडेकरार, असली चार पैसे देणारी कामं महिन्याला पाच-सहा घेतली म्हणून कोणी भांडवलदार होत नाही, हे तिला माझ्याकडून सांग. बार कौन्सिलने २०२४ मध्ये सुचवलं की शहरातल्या नवख्या ज्युनिअरला महिन्याला निदान २० हजार द्यावेत. बंधनकारक नाही, पण सुचवलं. सात वर्षांची वकील तेवढ्यावरच आहे, हे मात्र मला तुझ्याइतकंच खटकतं.

एवढं करून सहा महिन्यांनी परत एक्सेल उघडा. आकडा तेव्हाही जागचा हलला नाही तर नोकरीचं बोलणं परत काढ, तेव्हा तुझ्या बोलण्याला वजन असेल आणि तिलाही ते टाळता येणार नाही. नोकरी म्हणजे काही पाप नाही. दोन-तीन वर्षं नोकरी करून, कर्ज थोडं फेडून परत कोर्टात आलेल्या बायका मी बघितल्यात. पण त्या स्वतः ठरवून गेल्या होत्या, म्हणूनच परत आल्या.

धमकीच्या फोनचं तू दोन ओळींत उरकलंस आणि हप्त्यावर दोन पानं, त्यामुळे मला जास्त काळजी वाटली. असलं काम करणाऱ्या वकिलांना खरंच भोगावं लागलंय. २०१० ला मुंबईत शाहिद आझमी या वकिलाला त्याच्या कुर्ल्याच्या ऑफिसात घुसून गोळ्या घातल्या. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग २०१८ ला अटकेत गेले आणि अनेक वर्षं आतच. तुला घाबरवायला नाही सांगत, तुझी भीती खोटी नाही एवढ्यासाठी. पण भीतीवर उपाय अबोला नसतो. त्या फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. बार असोसिएशनला कळवा, ठाण्यात काय किंवा बेलापुरात काय, वकिलाला धमकी आली की बाकीचे वकील एरवी कितीही भांडोत, त्या दिवशी एक होतात. वकीलपत्रावर घरचा पत्ता असेल तर तो काढून ऑफिसचा टाका, ऑफिस नसेल तर एखाद्या सीनिअरच्या चेंबरचा, विचारून. आणि वस्तीत किंवा साइटवर जायचं असेल तेव्हा एकटीने नाही, युनियनचं कोणीतरी सोबत. हे तू सांगितलंस तर तिला बंधन वाटणार नाही बघ, कारण पहिल्यांदाच तू 'सोडून दे' न म्हणता 'कसं करशील' असं विचारलेलं असेल.

आईंना काही समजावत बसू नकोस. त्यांना एकदा त्या विधवा बाईबरोबर चहाला बसव. पुढचं त्या दोघी बघून घेतील.

शेवटी रात्री अकराच्या फोनबद्दल. 'ती बाई रोज रात्री फोन करते, जेवण गार होतं' असं लिहिलंयस. कोर्टात येणाऱ्या माणसांना एकतीस वर्षं बघितलंय म्हणून सांगते, दहातल्या आठ वेळा त्यांना एवढंच विचारायचं असतं की तारीख उद्याच आहे ना, आणि काय काय आणायचं. बायकोला सांग, तिच्या तारखा तुमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेव, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला. आणि पुढचा फोन तू उचल. 'मॅडम जेवतायत, तारीख सतरालाच आहे, आधार कार्ड आणि पगाराची चिठ्ठी आणा, साडेदहाला गेटवर या.' एवढं बोलायला एक मिनिट लागतं, आणि भाजी गरम राहते.